रीसँडचा राग आलाय आणि पुस्तक सोडवतही नाहीये

(या वेळी तीन पत्रं घेतली आहेत. पहिल्या पत्रात आणि उत्तरात 'सिल्व्हर फ्लेम्स' या इंग्रजी कादंबरीचा शेवटापर्यंतचा सगळा मामला फुटलाय, त्यामुळे ज्यांचं वाचून व्हायचंय त्यांनी सरळ दुसऱ्या पत्रावर जावं, नंतर माझ्या नावानं खडे फोडू नयेत.)

प्रश्न : ताई, प्रश्न जरा येडपट वाटेल पण विचारतेच. मी आणि माझी मोठी बहीण सारा जे. मासची 'अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस' ही सिरीज मिळून वाचतो, म्हणजे ताई लग्न होऊन पुण्याला गेली तरी पुस्तक दोघींत एकच, आधी ती वाचणार, मग कुणी नाशिकला येणारं असलं की त्यांच्या पिशवीत कोंबून पाठवणार. पहिले तीन भाग मी अंबडला कंपनीच्या बसमधून जाता येता अक्षरशः गिळलेत. दुसरा तर परत परत. त्यातला हिरो, फेयराचा नवरा रीसँड म्हणजे आमचा दोघींचा वीक पॉइंट, ताईच्या नवऱ्यालाही माहितीये. चौथा छोटासा होता, सणाबिणाचा, ठीक. आणि आता पाचवा 'अ कोर्ट ऑफ सिल्व्हर फ्लेम्स' वाचून झालाय आणि मला कळेचना की आवडला की नाही आवडला.

म्हणजे बघा, फेयराची मोठी बहीण नेस्टा मला कधीच आवडायची नाही, घरात खायला नव्हतं तेव्हा धाकटी फेयरा जंगलात शिकार करत होती आणि ही मोठी असून बसून टोमणे मारायची, मी पण धाकटी आहे त्यामुळे मला ते जास्तच लागलं होतं. पण या भागात नेस्टाचं सगळं आतलं कळलं आणि मी चक्क रडले. ते ठीक. पण फेयरा प्रेग्नंट आहे, बाळाला पंख आहेत, बाळंतपण तिच्या जिवावर बेतणार आहे, हे रीसँडला माहिती, त्या वैद्यीणबाईंना माहिती, सगळ्या मित्रमंडळींना माहिती, आणि जिच्या पोटात बाळ आहे तिलाच कुणी सांगत नाही!! का तर तिला टेन्शन नको. शेवटी नेस्टा भांडणात रागाच्या भरात बोलून जाते तर सगळे नेस्टावरच भडकतात. मला इतका संताप आला ना की पुस्तक उशीखाली सारून दिलं. आणि तरी दुसऱ्या दिवशी बसमध्ये परत उघडलंच.

ताई म्हणते, अगं गोष्ट आहे, कशाला एवढं मनाला लावून घेतेस. पण मला आता दुसरा भाग परत वाचायला घेतला तरी रीसँडची वाक्यं खोटी वाटायला लागलीत. एवढा आवडता हिरो एका पुस्तकात मनातून उतरू शकतो का, की मीच जास्त विचार करतेय? आणि पुढचा भाग आला तर वाचू का नको?
(इंदिरानगर, नाशिक)

उत्तर : येडपट अजिबात नाहीये प्रश्न, उलट या पुस्तकाबद्दल मला जितक्या जणी भेटल्यात त्यातल्या निम्म्यांची हीच तक्रार आहे आणि उरलेल्या निम्म्यांना नेस्टा इतकी आवडलीये की त्यांना बाकी काही दिसतच नाही.

तुझ्या मनातल्या गोंधळाचे मला दोन तुकडे दिसतात. पहिला साधा आहे. आधीचे तीन भाग फेयरा स्वतः सांगते, 'मी' करून. म्हणजे तीन जाडजूड पुस्तकं आपण तिच्या डोक्यात मुक्काम ठोकून होतो आणि रीसँडला जे बघितलं ते प्रेमात पडलेल्या बाईच्या डोळ्यांनी. पाचव्या भागात लेखिकेनं तो 'मी' काढून घेतला. आता गोष्ट बाहेरून सांगितलेली, कधी नेस्टाच्या बाजूनं कधी रीसँडचा मित्र कॅसियनच्या. आणि नेस्टाचा रीसँड कोण? बहिणीचा नवरा! फेयराचा नवरा वेगळा आणि नेस्टाचे दाजी वेगळे, हे आपल्याकडे कुठल्याही घरात कळतं. ज्या माणसाच्या हातात सगळी सत्ता आहे, जो म्हणतो की पैसे उडवणं बास, आता त्या डोंगरावरच्या घरात राहायचं, सकाळी कॅसियनकडे तालीम आणि दुपारी लायब्ररीत काम, नाहीतर माणसांच्या मुलखात चालती हो, तो माणूस मेहुणीला गोड कसा वाटेल. पहिल्यापासूनच तो असा थोडा हुकूमशहा होता बरं का, फक्त आपण ज्या खुर्चीत बसलो होतो तिथून त्याची पाठ दिसत नव्हती. एवढ्यापुरतं असतं तर मी तुला म्हटलं असतं की होईल सवय, नवीन खुर्चीची सवय होते.

पण दुसरा तुकडा खरा आहे आणि तिथं मी तुझ्या ताईच्या नाही, तुझ्या बाजूनं आहे.

दुसरा भाग आठव. टॅमलिन काय करतो? फेयराला जपायचं म्हणून घरात कोंडतो. मारत नाही, टाकून देत नाही, 'तुझ्याच भल्यासाठी' दार बंद करतो, आणि तिचा श्वास कोंडतो. या एका गोष्टीवर लेखिकेनं पहिल्या भागाचा हिरो उचलून बाजूला ठेवला आणि आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. रीसँड आवडला तो का? देखणा आहे, पंख आहेत, गोड बोलतो, हे आहेच. पण मुख्य म्हणजे तो म्हणत राहिला की निर्णय तुझा. नुसतं म्हणून थांबला नाही, तिला आपल्या नाईट कोर्टची हाय लेडी केलं, म्हणजे राज्यात बरोबरीची. मग त्याच माणसानं पाचव्या भागात तिच्याच पोटातल्या बाळाची आणि तिच्याच जिवाची खबर तिच्यापासून लपवायची, तेही पुन्हा तिच्या भल्यासाठी! तर तुला आलेला राग ही तुझ्या डोक्यातली भानगड नाहीये गं, ही फूटपट्टी त्या सिरीजनंच तुझ्या हातात दिलीये. तू फक्त ती सगळ्यांना सारखी लावलीस. लेखिकेनं टॅमलिनला लावली आणि रीसँडच्या वेळी ती कपाटात ठेवून दिली असं मला तरी स्पष्ट दिसतं.

आणि अजून एक बघ, दुसऱ्या भागातही त्यानं लपवालपवी केली होतीच. त्या दोघांची जन्मगाठ आहे हे त्याला आधीपासून माहिती होतं आणि फेयराला ते कळलं तिसऱ्याकडूनच. पण तिथं काय झालं? ती खवळली, डोंगरातल्या त्या झोपडीत एकटी जाऊन राहिली, भिंती रंगवत बसली, मग तो आला, त्यानं बसून सगळं पहिल्यापासून सांगितलं, ती ऐकत होती, आणि मग तिनं ठरवलं आणि त्याला सूप करून वाढलं. तिच्या रागाला पानं मिळाली. चूक केलेला हिरो आपल्याला चालतो, चांगला चालतो, बायकोला रागवायला जागा मिळाली म्हणजे झालं. पाचव्या भागात फेयरा रागावली असेलही पण आपण नेस्टा आणि कॅसियनच्या मागे असतो त्यामुळे तो राग बघायलाच मिळत नाही, पुढच्या वेळी ती भेटते तेव्हा सगळं जवळपास मिटलेलं. आणि खरं बोललेल्या नेस्टाच्या पाठीवर ओझं बांधून कॅसियन तिला डोंगरात दिवसेंदिवस चालवतो. आता गंमत अशी की त्या पायपिटीच्या शेवटी तळ्याकाठी ती कोसळते तो प्रसंग अख्ख्या पुस्तकात सगळ्यात चांगला लिहिलाय, मी स्वतः तिथं थांबून परत वाचलाय, पण तिथपर्यंत ती पोचली कशामुळे हे आठवलं की तोंड कडू होतं. तुझं 'आवडलं की नाही कळेना' ते इथंच तयार झालंय असं मला वाटतं. एकाच प्रकरणात उत्तम लिखाण पण आणि अन्याय पण.

आता तू नाशिकची आहेस म्हणून एक सांगते. गरोदर बायकोबद्दलचा निर्णय नवऱ्यानं घ्यायचा, दिराला माहिती, आणि तिला स्वतःला रानात पोचल्यावर कळायचं, ही गोष्ट पंचवटीतल्या माणसाला कुणी नवीन सांगायला नको. सीतागुंफेच्या रांगेत उभं राहून लहानपणापासून आपण रामायण ऐकत आलोय. आणि आपल्याकडच्या बायकांनी त्याचं काय केलं बघ, पहाटे जात्यावर बसून ज्या ओव्या म्हटल्या त्यात सीतेचा वनवास आहे, तिचा सासुरवास आहे, रानातलं एकटीचं बाळंतपण आहे. त्या बायका काय राम मानत नव्हत्या? रामनवमीला पाळणा त्याच म्हणायच्या, रामरथाला हात त्याच जोडायच्या. पण दळताना बाजू सीतेची. दोन्ही एकाच तोंडानं, आणि त्यांना त्यात काही गडबड वाटली नाही, कुणाला विचारायलाही गेल्या नाहीत की आम्ही जास्त विचार करतोय का. तेव्हा रीसँड आवडतो आणि रीसँडचा राग येतो हे दोन्ही तू खुशाल बाळग, एक खोडून दुसरं लिहायची काही गरज नाही.

बाकी पुस्तकात आवडण्यासारखं पुष्कळ आहे आणि ते रागाच्या भरात वाहून जाऊ नये म्हणून सांगते. नेस्टाला शेकोटीजवळ बसवत नाही, आठवतं? थंडीत कुडकुडेल पण लाकूड पेटवू देणार नाही, कारण जळताना लाकडाचा जो कडकन आवाज होतो तो तिला बापाची मान मोडली त्या आवाजासारखा ऐकू येतो. हे कुणाला ती सांगतही नाही, लोकांना वाटतं तऱ्हेवाईक आहे. एवढ्या एका गोष्टीत लेखिकेनं तिचं दुःख जे उभं केलंय ते युद्धाच्या पन्नास पानांत आलं नसतं. मग ते डोंगरावरचं जादूचं घर, जे तिनं दारू मागितली की देत नाही पण केक देतं, वाचायला प्रेमकथा देतं. तिच्या मैत्रिणी ग्विन आणि एमरी. आणि त्या घरापासून खालच्या दहा हजार पायऱ्या! आपल्या सप्तशृंगी गडावर पाचशेच्या वर पायऱ्या चढून देवीपर्यंत पोचताना काय होतं माहितीये ना, तर नेस्टाचं प्रकरण म्हणजे थेट गिरनार, आणि तेही खाली उतरताना मध्येच पाय लटपटतात आणि परत वर चढावं लागतं. ती दर वेळी थोडी जास्त उतरते, यात तिचं बरं होणं दाखवलंय आणि कुठंही भाषण दिलेलं नाही. मला तरी पुस्तकातला रोमान्स या पायऱ्यांपुढे फिका वाटला. रोमान्सची काही पानं तर मी भराभर उलटली, तेच तेच किती वेळा.

शेवट मात्र घाईत उरकलाय. फेयरा मरणाच्या दारात, तिच्याबरोबर रीसँडही जाणार कारण दोघांनी एकत्र मरायचा करार केलेला, मग नेस्टा आपली शक्ती देऊन टाकते आणि आई बाळ बाप सगळे सुखरूप. साडेसातशे पानांच्या आसपासचं पुस्तक, आणि ज्या प्रश्नानं तुला झोप नाही त्याचं उत्तर जादूनं. बाळ वाचलं म्हणून बापाचं लपवणंही माफ! नेस्टाला मात्र कुणी धड सॉरी म्हटलेलं मला सापडलं नाही.

पुढचा भाग वाचू का म्हणतेस. वाच की. पण आल्या आल्या उडी मारू नकोस, आधी तो कोण सांगतंय ते बघ. फेयराचा 'मी' परत आला तर तुझा हिशेब पुढे चालू होईल, तिला काय वाटलं ते तिच्याच तोंडून ऐकता येईल. दुसऱ्या कुणाची गोष्ट असेल तर रीसँड परत बाजूला उभा राहून हुकूम सोडणार, तेव्हा तुला चिडचिड झेपणार आहे का ते तू ठरव. आणि दुसरा भाग आत्ता परत वाचू नकोस, थोडे महिने जाऊ देत. एक काम कर, पुढच्या वेळी ताई नाशिकला आली की तिला विचार, ती मोठी आहे ना, नेस्टा वाचताना तिला काय वाटलं. मला दाट शंका आहे की ती रीसँडबद्दल 'कशाला मनाला लावून घेतेस' म्हणते कारण ती तिथं फेयराकडे बघतच नव्हती.

प्रश्न : माझी मुलगी दहावीत आहे. मैत्रिणींकडून हीच पुस्तकं आणते, कव्हर छान असतं, जाड असतात, आम्हाला वाटलं चला मोबाईल सोडून वाचतेय तरी. पण शेजारच्या एक मॅडम म्हणाल्या की त्यात 'तसलं' आहे. आम्ही नवरा बायको दोघंही इंग्रजी कादंबऱ्या वाचणारे नाही. काय करावं? काढून घ्यावं का?
(पंचवटी, नाशिक)

उत्तर : मॅडम बरोबर सांगतायत. घोळ असा झालाय की ही सिरीज 2015 मध्ये सुरू झाली तेव्हा ती किशोरवयीन मुलांसाठीची म्हणून बाजारात आली, त्यामुळे बऱ्याच दुकानांत आणि लायब्ररींत ती त्याच फळीवर बसली. पुढे 2020 मध्ये आधीचे भाग मोठ्यांसाठी म्हणून नव्या कव्हरांत निघाले आणि 2021 चा पाचवा भाग तर उघडपणे मोठ्यांसाठीचाच. नव्या कव्हरांवर तलवारबिलवार घेतलेली राजकन्या नाही, नुसते रंग आणि आकृती, त्यामुळे आईवडिलांना बघून काही कळत नाही. शरीरसंबंधांची सविस्तर वर्णनं आहेत, दुसऱ्या भागात आहेतच आणि पाचव्यात फार जास्त. दहावीच्या मुलीला पाचवा भाग मी देणार नाही, स्वच्छ सांगते.

पण हिसकावून घेऊ नका हो. हिसकावलं की तेच पुस्तक मैत्रिणीच्या घरी जाऊन वाचणार, आणि फोनवर तर काय काय मिळतं. तिच्या आईनं तिला जवळ बसवून विचारावं, कुठपर्यंत आलीस, काय चाललंय त्यात, कोण आवडतं. ती लाजेल, विषय बदलेल, बदलू द्या, एकदा विषय निघालाय एवढं तिला कळलं तरी पुष्कळ. आणि बोर्डाची परीक्षा हे कारण पुढे करू नका, मुलांना लगेच कळतं की खरं कारण दुसरंच आहे.

प्रश्न : आपल्या सदरात हल्ली या पंखवाल्या, जादूवाल्या इंग्रजी प्रेमकथांचीच चर्चा. मी निवृत्त शिक्षक आहे. आमच्या मराठीत असं काही नव्हतं आणि त्यामुळे काही अडलंही नाही. असो. तरी नातीला वाचायला देण्यासारखं मराठीत काही असल्यास सुचवावे.
(गंगापूर रोड, नाशिक)

उत्तर : सर, नव्हतं कसं, आपली कादंबरी सुरूच जवळपास तिथून झालीये! लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' 1861 ची. संकटात सापडलेली नायिका, ताटातूट, कारस्थानं, योगायोगावर योगायोग, सगळा मसाला. तेव्हाच्या या अद्भुतरम्य कादंबऱ्या लोक इतक्या आवडीनं वाचायचे की पुढे हरिभाऊ आपट्यांनी 1885 पासून घरातली, वाड्यातली खरी माणसं कादंबरीत आणली तेव्हा तो केवढा मोठा बदल वाटला. आणि नाथमाधवांचं 'वीरधवल' तुम्ही ऐकलं असणारच, कदाचित वाचलंही असेल आणि आता कबूल करत नसाल. नाथमाधव शिकारीला गेले असताना पडले, कमरेखालचं शरीर लुळं झालं आणि मग अंथरुणावरून त्यांनी या एवढ्या कादंबऱ्या लिहिल्या. आपल्या आजी पणजींनी 'वीरधवल' कसं वाचलं असेल? स्वयंपाक आवरून, सासूची नजर चुकवून. इंदिरानगरच्या मुलीनं उशीखाली पुस्तक सारलं म्हणून आपण हसायला नको.

नातीला मात्र मी आधी काशीबाई कानिटकरांचं 'पालखीचा गोंडा' देईन, 1928 चं आहे, बायकांनी कारभार चालवलेल्या संस्थानाची गोष्ट. भाषा जुनी आहे, पहिली वीसेक पानं तुम्ही मोठ्यानं वाचून दाखवा, शिक्षक आहात, तुम्हाला जमेल. सार्वजनिक वाचनालयात चौकशी करा, 1840 पासूनची संस्था आहे आपली, जुन्या पुस्तकांसाठी नाशिकात मी तरी पहिली तिथंच जाते. आणि जमलं तर नातीनं जे आणलंय त्यातलं एखादं प्रकरण तिच्याकडून ऐकून घ्या. पहिला भाग चालेल. पाचवा नको, वरचं उत्तर वाचलंच असेल तुम्ही.